काकूंनी कांदा का आणला

प्रिय आई,
सप्रेम जयभीम.

ताप उतरलाय. वरण-भात जातोय. सोमवारपासून चाकणला कामावर जाईन. फोनवर बोलले की घरमालकीण कस्तुराकाकू ऐकतात, म्हणून पत्र लिहिते.

तापात मी मोरीपाशी पडले. डोळे उघडले तर काकू शेजारी, आणि माझ्या नाकाला फोडलेला कांदा. म्हणाल्या, "नुसती चक्कर आली तुला, बाकी काय न्हाई." मग कांदा कशाला? चक्कर आलेल्याच्या तोंडावर पाणी मारतात. कांदा तू हुंगवायचीस, मला फिट आली की. इथे मी आजाराचं कुणालाच सांगितलेलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पाण्याच्या तांब्यासोबत माझी फिटची गोळी पुढे केली. गोळ्या मी मेतकुटाच्या डब्यात ठेवते, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

खोली सोड असं काही त्या म्हणाल्या नाहीत. फक्त आतून कडी लावू नको म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, तापात नुसती चक्करही येते आणि फिटही. काय झालं ते बघणाऱ्यानं नीट सांगायला हवं, त्यावर गोळ्यांचं ठरेल. आणि कांदाबिंदा नको, कुशीवर वळवायचं. मला तर काहीच आठवत नाही, आणि काकू मला खरं सांगत नाहीत.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटा बुद्धभूषण वेळेवर जेवतो का?

आई, त्या दिवशी काकूंनी तुला फोन केलाच असणार. माझे हातपाय झटकत होते का, तेवढं तरी तू लपवू नकोस.

तुझी,
आम्रपाली