दिवस मावळल्यावरची भूक

कोल्हापूर, ऑगस्ट २००४

सौ. राजमती आक्कास, धाकट्या रोहिणीचा जय जिनेंद्र.

होस्टेलवर माझं ब्येस चाललंय, काळजी करू नकोस. बाळाचा खोकला थांबला का?

दिवस मावळल्यावर मी जेवत न्हाय, हे आई बस्तीत दर्शनाला आलेल्या सगळ्यांना कौतुकानं सांगत असती. पण आक्का, हे व्रत न्हाय. साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लग्नापर्यंत जरा बारीक हो.

अंधार पडला की फाटकासमोर चायनीजची गाडी लागती. खिडकी लावली तरी मंचुरियनचा वास खोलीत येतोच. काल खाली गेलते. प्लेट हातात घेतली आणि लग्नात नेसायची साडी आठवली. तशीच परत दिली. गाडीवाला म्हणाला, "ताई, पैसे दिलायसा की, खावा की." खोलीवर येऊन लई रडू आलं.

हे आईला दाखवू नकोस, वाचून चुलीत घाल.

तुझं लग्न ठरल्यावर तूपण रात्रीचं जेवण सोडलेलंस. केवढी तुझी भक्ती, म्हणून मी तुझ्या पाया पडायची. आक्का, खरं सांग, तवा तुला भूक लागायची का?

तुझीच,
रोहिणी