बार्शीपर्यंतचे मामा

तेर,
६ फेब्रुवारी २०२४

ती. उत्तरेश्वरदादांस,
द्वारकाचा सा. न. वि. वि.

परवापासून तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत, म्हणून कितीतरी वर्षांनी कागद हाती घेतला आहे. अक्षर लागलं नाही तर हसू नका.

अर्पिताचा साखरपुडा परवा पार पडला. तिचे सख्खे मामा तुम्ही एकटे, आणि तुम्हीच नव्हता. बार्शीच्या अलीकडं गाडी फेल झाली असं तुम्ही त्या दिवशी फोनवर म्हणालात, मी तेच सगळ्यांना सांगितलं. तेवढ्यात मुलाचे चुलते बलभीमराव भिंतीवरचा तुमचा सेवानिवृत्तीचा फोटो बघून म्हणाले की हे तर परंड्याहून माझ्याच शेजारी बसले होते. गाडीला काही झालं नव्हतं. तुम्ही बार्शीला उतरलात आणि परतीच्या गाडीत चढलात म्हणे. दादा, भरल्या मांडवात कुठं तोंड लपवावं मला कळेना. मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं की मामांना स्थळ पसंत नाही, की मुलीबद्दल काही सांगायचं राहिलंय.

तुम्हाला फोनवरच आवतण दिलं, अक्षता घेऊन माणूस पाठवला नाही, हे आमचं चुकलं. येत्या रविवारी हे टोपी-टॉवेल आणि नारळ घेऊन येतील. आता रुसवा सोडा. लग्न २२ एप्रिलला आहे. मामा पाठीशी नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं अर्पिता म्हणते. आणि तिकडच्यांची शंका तुम्ही उभे राहिल्याशिवाय फिटायची नाही.

लोभ कमी झाला असेल तर भांडून सांगा, तोडू मात्र नका.

तुमची
द्वारका


परंडा,
१४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. द्वारकास अनेक उत्तम आशीर्वाद.

दाजी येऊन गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, नारळ दिला आणि वर माझीच माफी मागितली. मी ती मुकाट घेतली. टोपी आता खुंटीला आहे, तिच्याकडं बघवत नाही. म्हणून हे लिहितो. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून खोटंच निघतं.

मी रुसलो नव्हतो. मला कुलपाची भीती वाटते.

हस, पण पुढं वाच. तुझी गिरिजावहिनी होती तोवर घराचं कुलूप तिनंच लावलं. ती गेली आणि किल्ली माझ्याकडं आली. आधी कुलूप एकदा ओढून बघायचो, मग तीनदा. मग गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायला लागलो. शेजारच्या लक्ष्मीबाई विचारायच्या काही विसरलं का, तर मी चष्मा म्हणायचो. पुढं लांब जायचंच टाळू लागलो. आठवडी बाजार सुटला. मल्लेश ड्रायव्हर वारला. आम्ही पंधरा वर्षं एका गाडीवर काढली होती, तरी मी त्याच्या मातीला त्याच्या गावी, ईटला, गेलो नाही. पाठीत उसण भरली म्हणून निरोप धाडला. भीती लहान होती तेव्हाच कुणापाशी तरी बोलायला हवं होतं. पण कुलपाला भितो हे काय सांगायचं, असं वाटून गप्प राहिलो आणि ती वाढत गेली.

साखरपुड्याच्या दिवशी कुलूप अकरा वेळा ओढलं. बार्शी येईपर्यंत मनात दार सताड उघडं होतं आणि वहिनीची पेटी चोरानं नेलेली होती. उतरलो तर तेरची गाडी समोर लागलेली. मी परंड्याची धरली. घरी आलो, कुलूप लागलेलंच. तीस वर्षं लोकांना पुढं सरका म्हणणारा कंडक्टर भाचीच्या साखरपुड्याला न जाता मागं फिरला, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

लग्नाला येतोच, असं वचन देत नाही. देऊन पुन्हा बार्शीवरून फिरलो तर तुला गावात राहणं मुश्कील होईल. हे पत्र अर्पिताला दाखवू नकोस.

तुझ्या लोभाला मी लायक उरलो नाही, तरी तो असू दे.

तुझा
उत्तरेश्वर


तेर,
२० फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
अर्पिताचा कृ. सा. न. वि. वि.

आईनं मला तुमचं पत्र दाखवलं नाही. ती देवापुढं बसून रडत वाचत होती, मी मागून वाचलं. रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा.

भावकीतली पोरं तुम्हाला बार्शीपर्यंतचे मामा म्हणतात. रागाच्या भरात मीही एकदा म्हणाले, त्याची आता लाज वाटते. आईला त्याहून जास्त वाटते. तिनं मुलाकडच्यांसमोर तुम्हाला मानपानाचे भुकेले म्हटलं. ते तिला लिहवेना, म्हणून मी लिहिते.

लहानपणी तुम्ही मला गाडीत तुमच्या सीटवर बसवायचात. दार लागलं का एकदा बघायचं, मग डबल बेल. एकदा मी विचारलं की कुणी खाली राहिलं असेल तर? तुम्ही म्हणालात की एकदा नीट बघितलं आणि बेल दिली, की गाडी पुढं आणि नजरही पुढं. मामा, घराला तुम्ही बेलच देत नाही. कुलूप एकदा बघा, तोंडानं ‘लागलं’ म्हणा, दारावर दोन टकटक करा आणि निघा. मन बडबडेल, त्याला बडबडू द्या. दारू पिऊन चढलेल्या पॅसेंजरशी तुम्ही वाद घालत नव्हता, तिकीट फाडून पुढं जायचात.

पहिल्याच दिवशी तेर नको. आधी गल्लीचं तोंड, मग बाजार, मग स्टँड. अजून दोन महिने आहेत. मुलाकडं मी अजून काही बोललेली नाही. तुम्ही पाठीशी उभे राहिलात की बोलायचं कामच उरणार नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतला, तो पोटात घाला.

तुमची
अर्पिता


परंडा,
२५ मार्च २०२४

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

मागून पत्र वाचणाऱ्या मुलीला काय म्हणावं, ते सासरी गेल्यावर तुला कळेल.

पहिल्या दिवशी टकटक केली तर लक्ष्मीबाई कोण आलं म्हणून बाहेर आल्या. त्यांना खरं सांगावं लागलं. त्या म्हणाल्या की सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, चष्मा विसरला म्हणता तेव्हा तो नाकावरच असतो. दोन वर्षं मी लपवत होतो आणि गल्ली बघत होती. दोन दिवस मान वर करवली नाही.

आता बाजार जमतो. गेल्या आठवड्यात स्टँडला निघालो आणि किल्ल्यापासूनच परत फिरलो, तेही तुझ्यापासून लपवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

काल ईटला मल्लेशच्या घरी जाऊन आलो. उसण भरली नव्हती हे त्याच्या बायकोला सांगितलं. तिनं मला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बावीस तारखेला माझी वाट बघ. माझ्यावर जीव आहेच तुझा, तेवढा दिवस जरा जास्त लाव.

तुझा मामा
उत्तरेश्वर


परंडा,
२५ एप्रिल २०२४

चि. सौ. द्वारकास अनेक उत्तम आशीर्वाद.

निघताना तुझ्याशी धड बोलता आलं नाही. माईकवरून मामांनी पाठीशी उभं राहावं असं म्हणाले, तेव्हा सगळा मांडव माझ्याकडं वळला. अर्पितानं मागं न बघता हात मागं केला आणि माझ्या धोतराचा सोगा धरून ठेवला. पोरीला अजून माझा भरवसा नव्हता, आणि तिचं काही चुकलं नाही. बलभीमरावांना मी स्वतः गाठून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मुलाच्या आईला मी सांगतो म्हणाले, आणि जेवताना त्या माउलीनं आग्रह करून मला वाढलं. तू मला मानपानाचा भुकेला म्हणालीस ते मनाला लावून घेऊ नकोस. खोटं बोलणाऱ्याला तेवढं कमीच.

आता ऐक. काल घरी आलो तर दार सताड उघडं. जाताना कुलूप एकदा ओढलं होतं, लागलंही होतं. पण कडी न घालताच ते कोयंड्यात अडकवलं होतं. अकरा वेळा ओढलं असतं तरी ते लागलेलंच निघालं असतं. घर तीन दिवस उघडं होतं. लक्ष्मीबाईंना वाटलं मी नेहमीसारखा वाटेतून परत आलो आणि आतच आहे.

ज्याला दोन वर्षं भीत होतो ते अखेर झालं. पेटी जागेवर होती. तिच्यावर शेजारची कोंबडी बसली होती, आणि तिनं एक अंडं घातलं होतं. आधी हसू आलं, मग मल्लेश आठवला. अर्पिताचं लग्न तरी मला मिळालं. त्याची माती एकदाच झाली आणि ती मी चुकवली. उंबऱ्यावर बसून लई वेळ रडलो.

अंडं शेजारी देऊन आलो. आता कडी घालतो, कुलूप एकदाच ओढतो आणि हे पत्र टाकायला पोस्टात निघतो. मागच्यासारखीच माझ्यावर माया असू दे, आणि पुन्हा खोटं बोललो तर कान धर.

तुझा
उत्तरेश्वर