रिकामी बरणी कोणी परत करत नाही

मालवण, दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय इमेल्डा हिस,

सुगंधाचा नमस्कार, आणि तुझ्या देवापुढे माझ्या वतीने एक मेणबत्ती लाव (तिकडच्या थंडीत पेटत असेल तर). तुझे गुडघे, फेबी, जावई आणि बाळ यांची तब्येत कळव. मी ठणठणीत आहे. तुझी आठवण अजिबात येत नाही. तू नसल्याने काम इतकं वाढलंय की आठवायला सवडच नाही.

फेबी तुला कॅनडातच कायमची ठेवून घेणार, असं तुझ्या शेजारच्या सांतानने परवा चर्चच्या पायरीवर सांगितलं. लेकीचं घर आहे, मी या विषयावर एक शब्दही बोलणार नाही. (न बोलण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ, हे ध्यानात ठेव.) त्याऐवजी आपल्या धंद्याची हकिकत सांगते. ‘आपल्या’ म्हणते, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर दोघींनी मिळून कोळंबीचं लोणचं विकायचं हे तूच ठरवलंस, आणि ‘सुगंधा-इमेल्डा’ अशी पाटी रंगवून झाल्यावर लेकीच्या बाळंतपणासाठी निघून गेलीस. पाटी मी अजून पुसलेली नाही. रंग चांगला लागलाय, उगाच कशाला खरवडा?

तर वाचनालयात उद्योगावरची जेवढी पुस्तकं होती तेवढी मी वाचून काढली. एक म्हणतं, आधी गिऱ्हाइकाची अडचण समजून घ्या. मी काशीबाईकडे गेले आणि विचारलं, बाई, तुमची अडचण काय? तिने जेवणं झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत सून अनुजाबद्दल सांगितलं. लोणच्याचं नाव काढायला फट मिळाली नाही. निघताना मला काशीबाईची बाजू घ्यावी लागली, त्यामुळे अनुजा हे गिऱ्हाईकही गेलं.

दुसरं पुस्तक म्हणतं, आपली तळमळ लोकांपर्यंत पोहोचवा. हे मला कोणी शिकवायला नको! देवळातल्या हळदीकुंकवाला मी उभी राहिले. बायांनो, म्हटलं, आपल्या दर्यातली कोळंबी, आपल्या माडाचं व्हिनेगर, आणि ताटात लोणचं परक्या कारखान्याचं? ही आपल्या जिभेवरची गुलामगिरी आहे! टाळ्या अशा पडल्या की बरण्या किणकिणल्या. मग किशोरी उठली. “बाय, भाषाण झ्याक झाला, पण माजो भात चुलीर आसा.” तिच्यामागून सगळ्याच उठल्या. तू असतीस तर मागच्या रांगेतून कानाची पाळी ओढून दाखवली असतीस, की पुरे आता. हल्ली पाळी ओढणारं कोणी नाही, आणि माझं भाषण संपत नाही.

तिसरं पुस्तक म्हणतं, चवीपुरता माल फुकट वाटा. लेखक मालवणात कधी आलेला दिसत नाही. मी छोट्या बरण्या भरून घरोघर वाटल्या, आवडलं तर मागणी द्या म्हणून. आईच्या कडेवर असताना शिकलेली गोष्ट विसरले: शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. दुसऱ्याच दिवशी बरण्या यायला लागल्या. काशीबाईची फणसाच्या वाळवलेल्या साठांनी भरलेली, किशोरीची कुळथाच्या पिठीने, संचिताची आमसुलांनी. अगो, मागणी कुठे आहे, असं मी ओरडले, तर संचिता म्हणते, “रिकामी बरणी कशी देतलंय गो? तू काय परकी?” गाव म्हणजे एक कुटुंब, असं मी जन्मभर व्यासपीठावरून गर्जून सांगितलं. ते खरं निघालं. आता विकायचं कोणाला?

ओटा परक्या बरण्यांनी भरला. तेवढ्यात तारकर्लीची वाट विचारायला कोल्हापूरचं एक कुटुंब थांबलं, त्यांना ते दुकानच वाटलं, आणि साठं, पिठी, आमसुलं सगळं घेऊन गेलं. आता येणारे-जाणारे थांबतात, बाया स्वतःहून माल आणून ठेवतात. म्हणजे धंदा चालतो, बाईसाहेब! आपण काय विकतो हे गिऱ्हाईक ठरवतं, हा धडा नव्या उद्योजकांनी भिंतीवर लिहून ठेवावा.

फक्त लोणचं तेवढं खपत नाही. जो तो चाखतो आणि म्हणतो, “बरा आसा, पण इमेल्डाचो हात येगळो.” सगळी पुस्तकं एकमुखाने सांगतात की धंदा एका माणसावर अवलंबून ठेवू नये. वाचलं. पटलं नाही.

फेबीला आशीर्वाद, बाळाला पापा. तुझ्या निर्णयावर माझा कसलाही दबाव नाही.

तुझी भागीदार,
सुगंधा

ता.क. तू जाण्याआधी घातलेल्या लोणच्याची एक बरणी शिल्लक आहे. कोल्हापूरकरांनी नेमकी तीच मागितली. विकायची नाही म्हणून सांगितलं. रविवारी तुझ्या चर्चची घंटा वाजली की झाकण उघडून वास घेते. (इतर वारीही घेते.)

पुन्हा ता.क. विमानतळावर तुझ्या हाती खाज्याचा डबा दिला होता, स्टीलचा, माझं नाव कोरलेला. खाजा केव्हाच संपला असेल. डबा काही परत आला नाही. तो पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. भांड्याची रीत मला ठाऊक आहे, वर पानभर तीच सांगितली. पण या एका डब्यापुरती ती मोडू. रिकामा आणलास तरी चालेल.