पंपाशेजारची खोली

आई,

इथे परदेशात हौगांगमधलं हे जुनं घर घेतल्यापासून खालचं तळघर तसंच पडून होतं, उघड्या काँक्रीटचं, एका कोपऱ्यात ओल धरलेलं. आता ते नीट करायचं ठरलंय. वॉटरप्रूफिंग, फॉल्स सीलिंग, टाइल्स, मोठा टीव्ही, लेकीला ड्रम वाजवायला जागा. महिनाभर मीच टेप आणि पेन्सिल घेऊन मापं काढतेय. पाण्याच्या पंपाशेजारी सहा बाय आठची जागा उरत होती. तिथे मी एक पलंग काढला, दारामागे कपडे अडकवायला खुंट्या काढल्या आणि वर लिहिलं, हेल्पर. कॉन्ट्रॅक्टर नकाशा बघून खूश झाला. "वा, मॅडम, यू नो वेस्ट स्पेस, हां!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

हेल्पर म्हणजे घरकामाला राहणारी आमची आंटी. फिलिपिन्सची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अकरा वर्षं आमच्याकडे आहे, लेक तिच्याच कडेवर वाढली. वरच्या मजल्यावर मागच्या छोट्या खोलीत ती राहते. ती खोली आता नवऱ्याला ऑफिससाठी हवी होती. आज सकाळी मी तिला नकाशा दाखवला आणि म्हटलं, तिथे खिडकी नाहीये, सॉरी. ती फरसबी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ओके लाह, मॅम. स्लीप ओन्ली. विंडो फॉर व्हॉट?"

आई, हे मी ऐकलं होतं. तुझ्या तोंडून.

मी नऊ वर्षांची आहे. आठवडाभर मावशीकडे राहते आणि रविवारी तुला भेटायला प्रभात रोडवरच्या त्या बंगल्यात येते, जिथे तू म्हाताऱ्या बाईंचं सगळं करतेस आणि तिथेच राहतेस. तळघरात, पंपाशेजारी. बाई जिन्यात उभ्या आहेत आणि मी मोठ्यांदा विचारते, "आई, तुझ्या खोलीला खिडकी का नाही गं?" तू माझा दंड असा धरतेस की बोटं उमटतात. "गप्प बस. झोपायला खिडकी कशाला लागते?" बाई हसतात. "चौकस आहे हो पोरगी तुमची." तूही हसतेस. त्या हसण्याचा मला दंड धरल्यापेक्षा जास्त राग आला होता. पुढे शाळेत शिवणाच्या तासाला मी एक पडदा शिवला, पिवळा, खाली वेडीवाकडी झालर, आणि तुला आणून दिला. तू दोन खिळे ठोकून तो कोऱ्या भिंतीवर लावलास. पुढच्या रविवारी मी तो हळूच उचलून पाहिला. मागे भिंतच होती, ओली.

आंटी फरसबी घेऊन गॅसकडे गेली आणि मी नकाशाकडे बघत राहिले. पंप. पलंग भिंतीला लावलेला. दारामागे खुंट्या. आई, मी तुझी खोली काढली होती. मापासकट. महिनाभर रोज त्या कागदावर वाकून बसत होते आणि मला ओळखू आली नाही. हे माझ्या हातून कसं झालं, हे मला अजूनही समजत नाही. तुझ्याच हातचं खाऊन वाढलेले हात हे.

रबराने ती खोली खोडली. कागद फाटेपर्यंत खोडली. दुपारी नवरा जेवायला बसला तेव्हा सांगितलं, आंटी वरच राहील. "अगं, मग माझं ऑफिस?" म्हटलं, खाली ओल येते, तिला सर्दी होईल. "आणि ड्रमला नाही होणार सर्दी?" तो हसला. मी हसले नाही. मग म्हणाला, "बरं. पण खरं कारण काय आहे?"

मी त्याला आणखी एक पोळी वाढली. लग्नाआधी मी त्याला सांगितलं होतं, माझी आई प्रभात रोडवर बंगल्यात राहायची. ते खोटं नव्हतं. आजही मी तेवढ्यावरच थांबले.