घरदुखी

तात्या, आज तीर्थरूप नाही, साष्टांग नमस्कार नाही, आणि इकडचं कुशल तर नाहीच. तुम्ही असता तर पहिल्या ओळीवरच कागद परत केला असता. पण तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता इकडचं कुशल कळून तुम्ही करणार तरी काय. पत्रात बातमी जावी, रडणं जाऊ नये, हा तुमचा दंडक. परक्या मुलखातल्या लोकांचं बोलणं पेशव्यांच्या कचेरीत मराठीतून सांगायचं, यात तुमची हयात गेली, आणि स्वतःच्या घरात मात्र तुम्ही मीठ कमी आहे इतपतच बोललात. माझं कपाळ पांढरं झालं, मी माहेरी परत आले, आणि तुम्ही मला मोडी शिकवायला घेतलं. ते तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता म्हणून, की मी दिवसभर चुलीपुढे गप्प बसायचे म्हणून, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

मला सारखी ती दुपार दिसते. तोफखान्यातला फिरंगी जोत्यावर बसलाय. त्याचा पितळी पेला वेगळा, बाहेरच्या खुंटीला टांगलेला. पेठेतले लोक त्याला इंग्रज समजत, आणि तो दर वेळी समजावून सांगे की मी इंग्रज नाही, मी डॉइच. इंग्रज त्यांना जर्मन म्हणतात, असं तुम्ही मला सांगितलं होतं. वर्षातून एखादं पत्र त्याच्या आईकडून यायचं, समुद्राच्या पाण्यानं पिवळं पडलेलं. मग तेच घेऊन तो कित्येक दुपारी तुमच्याकडे यायचा, मोठ्यानं वाचायचा आणि मोडक्यातोडक्या मराठीत एकेक शब्द समजावायचा. पाच-सहा वर्षांत त्याची भाषा तुम्हाला चांगली समजू लागली होती. "फिरंगी असला तरी सांगितल्या वेळेला येतो, आपल्या भटजींपेक्षा बरा," तुम्ही म्हणायचात. मी माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत बसायचे. दोन शेर तांदूळ निवडायला मला तिन्हीसांजा व्हायच्या.

किती शब्द ऐकले मी त्या दाराआड. दारूगोळ्यानं हात काळे झालेल्या त्या दाढीवाल्या माणसाला त्याची आई पत्रात 'हर्त्सखन' म्हणते. तुम्ही अर्धवट मिटल्या डोळ्यांनी विचार करता आणि म्हणता, "हर्त्स म्हणजे काळीज, आणि खन लावलं की ते लहानसं होतं. म्हणजे काळजुकलं." तो मान डोलावतो आणि लाजतो. त्यांच्यातही 'मी घाबरले' म्हणण्याऐवजी 'मला भीती आहे' असं म्हणतात, हे कळलं त्या दिवशी तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "अहो, हे तर आपलंच. राग येतो, आठवण येते, माणूस नुसता बसलेला असतो, आणि हे सगळं त्याच्याकडे चालत येतं." त्यांच्या लांब वाक्यांत क्रियापद शेवटी येतं, तेही आपल्यासारखंच. आई लिहिते, 'मला वाटतं की मी तुला या जन्मी पुन्हा', आणि तो थांबून दम घेतो. पाहीन की नाही पाहणार, ते कळेपर्यंत माझे हात सुपात तसेच थांबलेले असायचे. आपल्या घरात मला दुःख आहे असं कुणी बोलत नव्हतं. तिथे मात्र एक अनोळखी म्हातारी माझ्या कानाशी येऊन ते रोज म्हणाल्यासारखं वाटायचं, आणि मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं.

मग ते भाद्रपदातलं पत्र आलं. आई थकली होती, बोलावत होती. त्याला रजा हवी होती, तीही दसऱ्याच्या आत, कारण एकदा मोहीम निघाली की तोफेवरचा माणूस कोण सोडतो. तोफखान्याचा कारभार पाहणाऱ्या कारखानिसांकडे लेखी अर्ज द्यायचा होता. तुमचे डोळे तोवर पार गेले होते, म्हणून तुम्ही सांगणार आणि मी दाराआडून लिहिणार असं ठरलं. त्याला काय होतंय, असं तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, हाइमवे. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं. तुम्ही दोन्ही शब्द तोंडात घोळवलेत आणि हळू म्हणालात, "डोकेदुखी, पोटदुखी, तशी घरदुखी. लिही. घरदुखी जडली आहे, रजा मिळावी." शब्द सापडल्यावर तुमचा चेहरा किती सुखी झाला होता.

मी लिहिलं, पोटदुखी जडली आहे.

कारखानिसांनी रजा दिली नाही, वैद्य धाडला. आठ दिवस तो बिचारा ओव्याचा काढा प्यायला, आणि इकडच्या लोकांची काही रीत असेल असं समजून त्यानं तक्रारही केली नाही. नवव्या दिवशी त्यानं काढ्याचं कारण तुम्हाला विचारलं आणि सगळं उलगडलं. तुम्ही काठी घेऊन, भिंत चाचपत स्वतः कचेरीत गेलात. कारखानीस काय म्हणाले ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. "आधी पोट, आता घर. तात्या, नक्की काय दुखतंय ते तुम्ही ठरवा, मग या." तुम्ही तिथे सांगितलंत, "चूक माझी, शब्द मीच नीट उच्चारला नाही." घरी येऊन हातपाय धुतलेत आणि मला म्हणालात, "घर आणि पोट, ऐकताना होतो घोटाळा. मनाला लावून घेऊ नकोस." मी ताट वाढलं. दसऱ्याला तोफा निघाल्या, त्यांच्याबरोबर तोही गेला. दुभाष्याचं काम पुढे दुसऱ्याला मिळालं. घरदुखीवाले तात्या म्हणून शनिवारवाड्यापुढच्या भाजीबाजारात लोक तुम्हाला हसत, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसत होतात.

पुढच्या वर्षी तो मोहिमेवरून परतल्यावर पत्र आलं ते आईचं नव्हतं, गावातल्या कुणाचं तरी होतं. तो जोत्यावर बसून वाचतोय. की तुझी आई, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, शांतपणे, झोपेत. आणि पुढचा शब्द तो म्हणेना. आपल्याला तिघांनाही माहीत होतं की शेवटी काय येणार. तुम्ही चाचपत उठलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात, सोवळ्यात असताना, आणि त्याच्याच भाषेत म्हणालात, टुट मिर लाइट. त्यांच्यात माफी मागताना असंच म्हणतात. या गोष्टीचं मला दुःख होतं, एवढाच त्याचा अर्थ. चूक कुणाची ते त्यात येतच नाही.

तुमच्या मागे तुमची शब्दांची वही माझ्याकडे आली. तुमच्या सुरेख अक्षरानंतर शेवटच्या पानावर एक ओळ आहे, वाकडीतिकडी, दुसऱ्या ओळीवर चढलेली, डोळे गेल्यावर लिहिलेली. हाइमवे, घरदुखी. त्याखाली, बरोबर आहे. ते तुम्ही स्वतःसाठी लिहिलंत की मी कधीतरी वाचीन म्हणून, कोण जाणे. हल्ली दुपारी मी ओसरीवर बसते, सुपात तांदूळ असतात, जोत्यावर कुणी नसतं, आणि मला वाटतं आत्ता पेला खुंटीवरून काढल्याचा आवाज येईल. स्वतःच्या घरात बसून घरदुखी होते का, हे मी त्याला विचारून घ्यायला हवं होतं.

हा कागद त्याच पानात ठेवून देते, कुठे धाडायचा. सांगायचं एवढंच राहिलं होतं. तो गेला असता तर पत्रं थांबली असती, तुम्ही पुन्हा मिठापुरते बोलला असता, आणि मला चूल उरली असती. तात्या, तुम्ही तो शब्द दोनदा म्हणाला होतात. मला दोन्ही वेळा नीट ऐकू आला होता.