दादाच्या आवाजातली वाक्यं

३ मार्च, सोमवार
झालं एकदाचं! दादाचा नवा लॅपटॉप तयार. जुन्यावरचं सगळं निवडलं, डिस्कवर घेतलं, नव्यावर ओतलं. फोटो, त्यानं मांडणी केलेली पुस्तकं, सगळं. त्यानं टाइप करून विचारलं, "लपलेली फोल्डरं घेतलीस?" म्हटलं, हो रे बाबा! "एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवू?" — अरे, मी आहे ना!

वहिनीला जुना लॅपटॉप शिवणाच्या डिझाइनसाठी हवा होता. लगेच फॉरमॅट मारून सगळं पुसलं, नवं लिनक्स टाकून दिलं. एका दगडात दोन पक्षी.

४ मार्च
लिहायला हात उचलवत नाही.

घशाच्या ऑपरेशनला जाण्याआधी दादानं स्वतःच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एकेका बटणावर एकेक. "अगं, ऐकतेस का?" — हे वहिनीसाठी. "या, दार उघडंय." "शहाणे, डोकं खाऊ नकोस" — हे माझं. ऑपरेशननंतर तेवढाच त्याचा आवाज उरला होता. आज सकाळी त्यानं बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. मग माझ्याकडे बघितलं.

ती रेकॉर्डिंगं टिंबानं नाव सुरू होणाऱ्या फोल्डरात होती. लिनक्समध्ये अशी फोल्डरं दिसत नाहीत, मुद्दाम दाखव म्हणावं लागतं. मी 'सगळं निवडा' केलं — म्हणजे दिसत होतं तेवढं सगळं! ऑफिसात नव्या पोरांना मीच हे ओरडून सांगते. दादानं तर विचारलंही होतं.

आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "नव्या सिस्टिमला जुनं चालत नसेल. बघते."

५ मार्च
'चालत नसेल' म्हणे! जीभ कशी झडली नाही.

६ मार्च
'अपडेट करायचंय' सांगून वहिनीकडून जुना लॅपटॉप मागून नेला. आणखी एक खोटं. डेटा काढून देणाऱ्या दुकानदारानं बराच वेळ खटपट केली. मग म्हणाला, "ताई, काही उरलेलं नाही. पाटी पार कोरी केलीत तुम्ही." दुकानाच्या पायरीवरच बसले. रडले. लोक बघत होते, बघू देत.

८ मार्च
दादा आता एकेक अक्षर टाइप करतो आणि यंत्र ते वाचतं. कोरडा, कुणाचाच नसलेला आवाज. शेजारचे काका आले होते. त्यांना यंत्र म्हणालं, "बहीण खटपट करते आहे." मी स्वयंपाकघरात पळाले.

तिथे वहिनी. "हाक मारायला टाळी वाजवतात गं आता. मी काय कुत्रं आहे?" हसत म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. वर म्हणते कशी — "तू नसतीस तर आमचं काय झालं असतं!" वहिनी, मी नसते तर काहीच झालं नसतं.

१० मार्च
चोराच्या मनात चांदणं. दादा नुसता बघतो, तरी वाटतं, विचारतोय. आज सांगणारच होते. प्रिंटर नीट केला, चहा प्यायले, परत आले. भित्री भागूबाई!

त्याच्या आवाजातलं माझं वाक्य आठवून बघितलं. 'शहाणे'वर तो जरा ओढून थांबायचा. अजून ऐकू येतंय. किती दिवस येईल कोण जाणे.

११ मार्च
नाही सांगितलं.

१२ मार्च
सांगितलं. एका दमात — फोल्डर, फॉरमॅट, खोटं, दुकानदार. वहिनीचं शिवणाचं मशीन थांबलं.

दादानं टाइप केलं नाही. एकच बटण दाबलं. यंत्र बोललं — "मला कळलं होतं. राग आलाय. जेवून जा."

वहिनीला हाक मारायचं बटण अजून रिकामंच आहे. हे मात्र त्यानं तयार ठेवलं होतं.