डाव्या बाजूने आलेले पाते

मी, ज्येन सू-युआन, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार च्याई शहर, पूर्व विभाग, नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बावीस वर्षे नोकरीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टर माझ्याबद्दल आता महिन्यांच्या हिशेबात बोलतात. वेदनेचे औषध सकाळी आठला घेते आणि त्याची गुंगी उतरल्यावर दहा ते बारा एवढाच वेळ लिहिते. लिहायला बसण्याआधी शंभरातून सात-सात वजा करत खाली येते. आज न चुकता दोनापर्यंत आले, म्हणून बुद्धी ठिकाणावर आहे असे धरते. कोणी सांगून लिहून घेतलेले नाही. सांगणारे कोणी घरात नाही.

कलम १. राहते घर, तिसरा मजला, माझी धाकटी बहीण ज्येन सू-लिंग, राहणार काओश्युंग, हिला द्यावे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली होती, "तुला काचेशी बोलायला वेळ आहे, बाबांशी नाही." हे मी नऊ वर्षे धरून ठेवले. आज विचार करता ते निम्मे खरे होते. उरलेले निम्मे कोणते, हे ठरवायला आता बसत नाही. घर तिचे.

कलम २. बँकेतली शिल्लक अंत्यविधीचा खर्च वजा जाता तिलाच. राख झाडाखाली पुरावी. फलक नको.

कलम ३. माझ्या चोवीस रोजनिशा सू-लिंगने वाचाव्यात किंवा वाचू नयेत, तिची मर्जी. फक्त प्रजासत्ताक वर्ष १०७ ची, म्हणजे सहा वर्षांपूर्वीची, निळी वही कलम सहाशी जोडून ठेवावी. तो पुरावा आहे.

कलम ४. गच्चीवरचे लोखंडी पिंप, ज्याच्याभोवती फिरत मी अठरा वर्षे दुर्बिणीचे आरसे घासले, भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही. त्याचा तळ गंजला आहे. घासायच्या भुकटीच्या सात बरण्या, राळेच्या वड्या, मोजमापाची साधने आणि एक पुरा झालेला आठ इंची आरसा यांची व्यवस्था कलम सहात आहे. बरण्यांची झाकणे एकमेकींना लावू नयेत. जाड भुकटीचा एक कण बारीक बरणीत गेला की पुढच्या माणसाचे दोन महिने जातात.

कलम ५. 'आरसे घासणारे' या आमच्या इंटरनेटवरच्या मंडळाची मी अकरा वर्षे चालक आहे. सभासद चार हजारांवर, त्यातले बहुतेक पाण्याखाली, म्हणजे वाचतात आणि बोलत नाहीत. चालकपद सह-चालकाकडे जावे. त्याने मला चार वर्षांपूर्वी एकदा सगळ्यांसमोर 'पट्टीवाली मास्तरीण' म्हटले होते. तोपर्यंत मंडळात मला पुरुषच समजत असत, कारण माझे तिथले नाव 'संथ पाणी' आणि बोलणे रुक्ष. मी त्याच्याशी दोन वर्षे कामापुरतेच बोलले. नवख्या माणसाला तो पहिल्याच दिवशी उत्तर देतो. मी देत नव्हते. माझे सगळ्यांना ठरलेले एकच वाक्य असे: "आधी जुने लेख चढून या." चढणे म्हणजे मंडळावरचे आधीचे सगळे खालून वर वाचत येणे. ते केल्याशिवाय प्रश्न विचारणाऱ्याला आमच्याकडे आळशी समजतात, आणि समजायला मीच शिकवले.

कलम ६. वर सांगितलेली सर्व साधने आणि आठ इंची आरसा ल्याओ छिंग-फा, राहणार लुकांग, यांना माझ्या मृत्यूनंतर, सोबतच्या खुलाशासह, पाठवावा. खुलासा असा:

ल्याओ देवळांसाठी लाकडाच्या मूर्ती कोरतात. १०६ साली मंडळात आले. अकरा दिवस चढले, मग नम्रपणे पहिला प्रश्न विचारला. मी त्यांना हाताला धरून शिकवले. चौदा महिन्यांत त्यांनी आठ इंची काच खडबडीतून चकचकीत केली. एवढी स्वच्छ काच मी नवख्याच्या हातची पाहिली नव्हती.

शेवटी आरशाचा आकार तपासावा लागतो. समोर दिव्याचा बारीक ठिपका ठेवतात, परत येणाऱ्या उजेडात बाजूने एक पाते हळूच सरकवतात, आणि काचेवर सावल्या उमटतात. त्यावरून कुठे उंचवटा आहे नि कुठे खड्डा ते कळते. नवखे त्याचा फोटो टाकतात आणि जुने तो वाचून दाखवतात. मात्र पाते कोणत्या बाजूने आले हे माहीत हवे. उजवीकडून आले तर जी सावली उंचवटा सांगते, तीच सावली डावीकडून आले तर खड्डा सांगते.

आमच्या मंडळात तपासणीची चौकट सगळे माझ्याच आराखड्यावरून बनवतात. तिच्यात पाते उजवीकडे असते. ल्याओ डावखुरे आहेत. त्यांनी आराखडा आरशातल्यासारखा उलटा करून चौकट बनवली होती, पाते डावीकडे. डावखुरे असल्याचे त्यांनी ओळखीच्या पहिल्याच लेखात लिहिले होते. तो लेख मी वाचला नव्हता.

१०७ सालच्या १९ एप्रिलची माझी नोंद: "ल्याओंना उत्तर दिले. मधे उंचवटा. मधेच घासा म्हटले. चार मिनिटे." तो उंचवटा नव्हता, खड्डा होता. ते रोज चार तास खड्ड्यातच घासत राहिले. तीन आठवड्यांत पाच फोटो आले, पाचही मी तसेच वाचले. खड्डा वाढत होता आणि मी लिहीत होते, "हात स्थिर नाही. कोरीवकामाची सवय दिसते, मधे दाब पडतो." शेवटी काच पुन्हा खडबडीतून सुरू करण्याशिवाय इलाज उरला नाही. ल्याओंनी लिहिले, "गुरुजी, माझ्या हाताचाच दोष. तुमचा वेळ घेतला." आणि ते गेले.

मी त्यांच्या पाच फोटोंवरून लेख लिहिला, 'अस्थिर हात काय करतो'. तो नवख्यांनी आधी वाचायच्या लेखांत सर्वांत वर चिकटवला. तीनशेवर लोकांनी आभार मानले. पाचव्या दिवशी, दुसरेच काही शोधताना, ल्याओंच्या चौकटीचा एक जुना फोटो मला दिसला. पाते डावीकडे होते. मग लेखाखालची उत्तरे बंद केली. लेख तसाच ठेवला. त्याला सहा वर्षे झाली. प्रत्येक नवखा चढताना पहिल्यांदा ल्याओंच्या हातावर पाय ठेवून वर जातो.

हे त्यांना कळावे आणि साधने मिळावीत, अशी माझी इच्छा आहे.

येथपर्यंतचा मजकूर १० नोव्हेंबरला पुरा झाला. आमच्या कायद्याने स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी कोणी पाहिलेले बरे, म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या वेइ मेइ-चिन, ज्यांचे नाश्त्याचे दुकान आहे, त्यांना वर बोलावले. त्या मुळ्याच्या वड्या घेऊन आल्या, एप्रनला हात पुसले आणि सगळे वाचले. कलम सहाला चष्मा काढला.

"ही सही मी करणार नाही."

मी विचारले, "कायद्यात काही चुकलंय का, वेइताई?"

"कायद्याचं मला काय कळतंय. घर ठेवून जाशील, पिंप ठेवून जाशील, ते ठीक आहे. ही गोष्ट ठेवून जायची नसते ग. तो माणूस लुकांगला जिवंत आहे, तू इथे जिवंत आहेस. दोन तासांचा रस्ता."

"मला बसवत नाही दोन तास."

"मग त्याला बोलाव."

मी म्हणाले, काय सांगून बोलावू. वेइताई म्हणाल्या, "फोन दे इकडे. वीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळतेय मी." त्यांनी लुकांगच्या मूर्तींच्या दुकानांना एकामागून एक फोन लावले. तिसऱ्या ठिकाणी ल्याओंच्या पत्नी भेटल्या. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. शेवटी एवढेच ऐकले, "हो, आजारी आहे. नाही, लागण होणारं नाही."

मला खात्री आहे की मी एकटी असते तर फोन केला नसता. मृत्युपत्र लिहायला घेतले तेव्हा मी स्वतःला प्रामाणिक समजत होते. आता वाटते, ज्याचे उत्तर ऐकावे लागणार नाही असे पत्र मी शोधत होते आणि त्याला मृत्युपत्र हे नाव दिले.

१७ नोव्हेंबर, रविवार. ल्याओ अकरा वाजता आले. बुटके, रुंद खांद्यांचे, हातात गावच्या लांबट बिस्किटांचा पुडा. मला पाहून दारातच थांबले.

"संथ पाणी गुरुजी इथेच राहतात ना?"

"मीच."

"तुम्ही बाई निघालात." मग घाईने म्हणाले, "तसं काही नाही. मी तुम्हाला सत्तर वर्षांचे धरून चाललो होतो. नवीन वर्षाच्या शुभेच्छा देताना तब्येत जपा म्हणायचो."

"आठवतं मला."

मी त्यांना कलम सहा वाचायला दिले. तोंडी सांगायचे ठरवले होते, ते जमले नाही. ते बोट ठेवून वाचत होते, डाव्या हाताचे. वेइताई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. नळ त्यांनी मुद्दाम बारीक ठेवला होता.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "कोणत्या बाजूने पातं, हे विचारायला किती वेळ लागला असता?"

"एक ओळ."

"मी लिहिलं होतं डावखुरा म्हणून."

"मी वाचलं नव्हतं."

"मला म्हणालात चढून या. मी अकरा दिवस चढलो. बायको म्हणायची, या वयात कसली परीक्षा देताय. तुम्हाला माझा एक लेख चढवला नाही, गुरुजी?"

खरे उत्तर 'नाही' एवढेच होते आणि ते त्यांना माहीत होते.

ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "त्यानंतर मी चेहरे सोडले. मूर्तीत बाकी सगळं खपतं, चेहऱ्यात दाब चुकला की देव वाया. म्हटलं, तेरा वर्षांचा असल्यापासून कोरतोय आणि कोणी सांगितलं नाही, गुरुजींनी फोटोवरून ओळखलं. मी आता वस्त्रं कोरतो, पाय, सिंहासन. चेहरे मेव्हणा करतो. त्याच्या सगळ्या देवी जरा वैतागलेल्या दिसतात. देवळांतून तक्रार येते, आम्ही म्हणतो कलियुग आहे."

वेइताई आतून हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. ल्याओ हसले नाहीत.

मी आरसा पुढे केला, साधने दाखवली. म्हटले, हे सगळे तुमच्या नावे केले आहे.

"मला नको."

"काच निर्दोष आहे. मी चार वेळा तपासली आहे."

"असेल. माझी एक होती. ती बायकोने मुळ्याच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवलीय. अगदी बरोबर वजनाची आहे, म्हणते." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुमच्या मागे हे मला मिळालं असतं तर मी कोणाला दाखवायला गेलो असतो? ज्या भिंतीवर माझा हात चिकटवलाय, तिथंच लिहा. आता. आणि खालची उत्तरं उघडी ठेवा."

मी लिहिले. अर्धा तास लागला. लेखाचे नाव बदलले, पाच फोटोंखाली पाच वेळा लिहिले की सावली मी उलटी वाचली, दोष वाचणाऱ्याचा, घासणाऱ्याचा नाही. स्वतःचे पूर्ण नाव घातले. ल्याओंनी दोनदा वाचले, एका ठिकाणी 'कदाचित' होते ते काढायला लावले. मी काढले.

जेवणाच्या आत उत्तरे येऊ लागली. ल्याओ माझ्या शेजारी बसून मोठ्याने वाचत होते. "गुरुजी, अशी चूक कोणाच्याही हातून होते." "तुमचं मन मोठं म्हणून सांगितलंत." "आम्हाला अजूनही तुमच्यावर विश्वास आहे." अशी चौदा.

"बघा," ते म्हणाले, "तुम्हाला किती लवकर माफ करतात." थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या वेळी लिहिलं होतं, सराव वाढवा."

चौदांतल्या एकानेही त्यांचे नाव घेतले नव्हते. पंधरावे उत्तर सह-चालकाचे होते: "ल्याओ अजून मंडळात असतील तर त्यांना विचारा, काच शिल्लक आहे का. खड्डा काढता येईल." ल्याओंनी ते वाचले आणि उत्तर दिले नाही. बिस्किटे खाल्ली. वेइताईंनी सोयादूध गरम करून आणले. ल्याओंनी तेही घेतले.

म्हणून पुढील दुरुस्त्या, आज बारा वाजून गेल्यावर; वजाबाकी पुन्हा करून पाहिली, दोनापर्यंत आले.

कलम सहामधील "ल्याओ छिंग-फा, राहणार लुकांग, यांना माझ्या मृत्यूनंतर, सोबतच्या खुलाशासह, पाठवावा" हे दहा शब्द खोडले. त्या जागी "सह-चालकाच्या ताब्यात मंडळासाठी द्यावा, त्याने मागेल त्या नवख्याला उसना द्यावा" हे दहा शब्द घातले. खुलासा ठेवला आहे. तो आता गुप्त नाही.

कलम ७ नवीन. यापुढे मंडळात कोणाचाही तपासणीचा फोटो वाचण्यापूर्वी वाचणाऱ्याने त्या माणसाचा ओळखीचा लेख वाचावा आणि पाते कोणत्या बाजूचे हे विचारावे. चालकाने चार मिनिटांत उत्तर देऊ नये.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही. ल्याओ छिंग-फा यांनी काहीही घेतले नाही. सही कराल का, असे विचारायचा मला धीर झाला नव्हता. वेइताईंनी विचारले. त्यांनी पेन डाव्या हातात घेतले, कलम सहा पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि मग सही केली.

हा सर्व मजकूर माझ्या अक्षरात आहे. दुरुस्त्यांजवळ वेगळी सही केली आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

ज्येन सू-युआन (सही व शिक्का)

साक्षीदार पहिली: वेइ मेइ-चिन. व्यवसाय: नाश्त्याचे दुकान.

साक्षीदार दुसरे: ल्याओ छिंग-फा. व्यवसाय: (मी 'मूर्तिकार' लिहू लागले, तेव्हा त्यांनी सध्या रिकामे ठेवा म्हणून सांगितले.)

च्याई, प्रजासत्ताक वर्ष ११३, १७ नोव्हेंबर.